संबंधजालातील घन समूह

मौजे पवनारच्या दप्तरात खातेदारांची फेरिस्त मिळते, जमिनीचे सर्व्हे नंबर मिळतात, कोणी कोणत्या साली किती सारा भरला याचा हिशेबही मिळतो. परंतु त्या फेरिस्तीतील कोणता इसम कोणाच्या सल्ल्याने वागतो, अडीअडचणीला कोण कोणाच्या दारी जातो आणि कोणत्या चारपाच घरांचे परस्परांशी इतके सूत जमलेले आहे की एकाचा शब्द तो सर्वांचाच समजावा, याचा दाखला कोणत्याही कचेरीत मिळत नाही. व्यक्तींची यादी करण्यात मनुष्याने फार प्राचीन काळी प्रावीण्य मिळविले. संबंधांची यादी करून तिच्यातून समूह ओळखण्याचे शास्त्र मात्र गेल्या सुमारे शंभर वर्षांतच आकाराला आले, आणि त्याचा खरा विस्तार तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाला. लक्षावधी व्यक्ती आणि कोट्यवधी संबंध यांच्या पसाऱ्यातून आतून घट्ट विणलेले आणि बाहेरच्यांशी त्या मानाने विरळ जोडलेले समूह शोधून काढावयाचे, हा त्या शास्त्राचा विषय होय.

हे शास्त्र समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. धाम नदीच्या काठचे पवनार, त्याच्या पश्चिमेस काही मैलांवर असलेले वर्धा शहर, त्याला लागून असलेली नालवाडी, आणि १९३६ साली गांधीजी जेथे राहावयास गेले ते शेगाव, म्हणजेच पुढचे सेवाग्राम, एवढ्या आटोपशीर टापूत १९३० नंतरच्या दहा-बारा वर्षांत इतक्या संस्था उभ्या राहिल्या आणि इतकी माणसे एकाच वेळी इतक्या संस्थांत गुंतली, की घन समूह म्हणजे काय हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा १९२१ साली वर्ध्याचा आश्रम चालविण्यास आले. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन त्याचे ठाणे मगनवाडीत पडले. दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली महारोगी सेवा मंडळ सुरू केले. राष्ट्रभाषा प्रचार समिती त्याच सालची. आणि १९३८ साली प्रकृती खालावलेली असताना विनोबा पवनारला येऊन राहिले, तेव्हापासून नदीकाठच्या त्या स्थानाला परंधाम हे नाव मिळाले.

या मंडळींची एक यादी आपणांस नक्की ठाऊक आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात २२ आणि २३ तारखेला वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, आणि तिच्या ठरावांना अभ्यासक्रमाचे रूप देण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. अध्यक्षांखेरीज तीत आर्यनायकम, ख्वाजा गुलाम सय्यदैन, विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, प्रा. के. टी. शाह आणि आशादेवी हे सभासद होते; म्हणजे एकूण दहा नावे. या दहा नावांपैकी प्रत्येक नाव हा एक बिंदू मानावा आणि दोन व्यक्तींनी एकत्र काम केले असेल तर त्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ, म्हणजे दुवा, काढावा. दहा बिंदूंमध्ये जास्तीत जास्त ४५ दुवे निघू शकतात. प्रत्यक्ष असलेल्या दुव्यांचे या संभाव्य दुव्यांशी जे प्रमाण, त्यालाच जालाची घनता म्हणतात. समितीतील दहाहीजण एकाच समितीत बसलेले असल्यामुळे सर्व ४५ दुवे सिद्ध होतात आणि घनता पूर्ण १ येते.

वाचकाने येथे क्षणभर थांबावे, कारण या शास्त्रातील पहिली खबरदारी याच ठिकाणी घ्यावयाची असते. ही पूर्ण घनता आपणांस काहीही शिकवीत नाही. ती समितीच्या एका हुकुमाने निर्माण झालेली आहे, आणि दहाजणांच्या जागी शंभरजण नेमले असते तरी ती इतकीच पूर्ण दिसली असती. समित्या, संस्था, दानपत्रे यांतील नावांवरून संबंध बांधणाऱ्याला हा दोष नेहमीच टाळावा लागतो, आणि त्याचा रूढ उपाय असा की, मोठ्या मंडळातून मिळालेल्या दुव्याला कमी वजन द्यावयाचे व लहान मंडळातून मिळालेल्याला अधिक. कारण दोघांनी मिळून चालविलेल्या कामाची जवळीक दहाजणांच्या बैठकीतल्या ओळखीपेक्षा साहजिकच गाढ असते.

आता या एका यादीवर दुसऱ्या याद्या ठेवून पाहावे. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचे चिटणीस आणि जाजू त्याचे अध्यक्ष होते. विनोबा, कालेलकर आणि मश्रूवाला हे तिघेही साबरमतीच्या आश्रमातील राष्ट्रीय शाळेत एकत्र वावरलेले होते. जमनालालजींनी स्थापिलेल्या गांधी सेवा संघाची धुरा मश्रूवालांकडे होती, तर हिंदी प्रचाराच्या कामात कालेलकर वर्ध्यातच गुंतलेले होते. आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य वर्ध्याच्या शिक्षणकार्यात आणि मागाहून सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालिमी संघात अहोरात्र खपले. एकावर एक अशा या याद्या चढत जातात तेव्हा वर्धा परिसरातील सातजणांमधील दुवे दुहेरी, तिहेरी होत जाड होतात. दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे झाकिर हुसेन, अलीगढचे सय्यदैन आणि मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ शाह यांच्याकडे जाणारे दुवे मात्र बहुतांशी एकेरी राहतात. ४५ जोड्यांपैकी २१ जोड्या या सातजणांच्या आपापसांतल्या, २१ सात व तीन यांच्या दरम्यानच्या आणि ३ बाहेरच्या तिघांमधील. एका यादीने सर्वांना समान दाखविले होते. अनेक याद्यांच्या मेळाने त्या समानतेतून सातजणांचा घन समूह वेगळा काढला. समूहाचे अस्तित्व नावांच्या यादीत नसते, ते संबंधांच्या आवृत्तीत असते, हे या उदाहरणाने स्पष्ट व्हावे.

दहा माणसांच्या बाबतीत हे काम कागद-पेन्सिलीने होते. अडचण संख्येच्या वाढीबरोबर येते, आणि ती किती झपाट्याने येते याची कल्पना सामान्यतः नसते. दहा व्यक्तींची निरनिराळ्या समूहांत विभागणी करण्याचे प्रकार १,१५,९७५ आहेत. वीस व्यक्तींची करावयाची झाल्यास ते प्रकार ५१ लाख कोटींच्या पुढे जातात. एका मध्यम गावाची लोकसंख्या घेतली तर सर्व विभागण्या तपासून त्यांतली उत्तम निवडणे कोणत्याही यंत्राला कधीही शक्य होणार नाही. म्हणून समूह कशाला म्हणावे याची व्याख्या अशी बांधावी लागते की तिचा अर्थ शाबूत राहावा आणि हिशेबही आवाक्यात यावा. या क्षेत्राचा सगळा इतिहास म्हणजे त्या दोन गरजांमधील तडजोडींचा इतिहास होय.

सर्वांत कडक व्याख्या १९४९ साली ल्यूस आणि पेरी या दोन अभ्यासकांनी मांडली: ज्या समूहात प्रत्येकाचा प्रत्येकाशी थेट संबंध आहे तोच खरा घन समूह, ज्याला गणितात क्लिक असे म्हणतात. ही व्याख्या निर्दोष आहे, परंतु व्यवहारात तिचे दोन तोटे आहेत. पहिला असा की, वीसजणांच्या मंडळींतील एका जोडीचे बोलणे तुटले की लगेच ती मंडळी क्लिक राहत नाही. दुसरा असा की, मोठ्या जालातील सर्वांत मोठी क्लिक शोधणे हे ज्या प्रश्नांचे झटपट उत्तर देणारी रीत अद्याप कोणालाही गवसलेली नाही अशा प्रश्नांपैकी एक असल्याचे रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली दाखवून दिले. तेव्हा व्याख्या सैल करणे भाग पडले. १९८३ साली स्टीफन सायडमन यांनी गाभ्याची कल्पना मांडली: ज्या व्यक्तीचे संबंध, समजा, तीनपेक्षा कमी आहेत तिला जालातून वगळावे, तिच्या जाण्याने ज्यांचे संबंध तीनच्या खाली उतरले त्यांनाही वगळावे, आणि असे करीत करीत जो भाग उरतो, ज्यातील प्रत्येकाचे आतल्या मंडळींशी निदान तीन संबंध आहेत, तो तिसऱ्या पायरीचा गाभा समजावा. ही रीत इतकी सरळ आहे की कोट्यवधी दुव्यांच्या जालावरही ती अल्पावधीत पुरी होते. तिच्याच जवळची दुसरी रीत अशी की, दर वेळी सर्वांत कमी संबंध असलेला बिंदू काढून टाकीत जावे आणि प्रत्येक टप्प्यावर उरलेल्या समूहात दरडोई किती दुवे पडतात ते टिपून त्यांतला सर्वोत्तम टप्पा निवडावा. या रीतीने मिळालेला समूह खऱ्या सर्वाधिक घन समूहाच्या निदान निम्म्याइतका तरी घन असतोच, हे मोझेस चॅरिकर यांनी २००० साली सिद्ध केले.

गाभ्याची ही कल्पना वर्ध्याच्या इतिहासाला लावून पाहिली तर एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. येथील प्रत्येक माणसाचा गांधीजींशी संबंध होता, आणि बहुतेकांचा जमनालालजींशीही होता. अशा मध्यवर्ती व्यक्ती जालात असल्या की सर्वजण त्यांच्याद्वारे परस्परांच्या निकट आल्याचे भासते, पण ती निकटता समूहाची असते की केवळ केंद्राची, हे त्या व्यक्ती वगळून पाहिल्याखेरीज कळत नाही. इतिहासाने ही कसोटी दुर्दैवाने प्रत्यक्षच घेतली. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी गेले; ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मार्च १९४८ मध्ये, सेवाग्रामला जे संमेलन भरले त्यातून सर्वोदय समाज आणि सर्व सेवा संघ यांची उभारणी झाली, आणि चरखा संघ, ग्रामोद्योग संघ, तालिमी संघ, गोसेवा संघ या निरनिराळ्या सनदांखाली चालणाऱ्या संस्था पुढील काही वर्षांत त्या एका संघाच्या छत्राखाली आल्या. केंद्र काढून घेतल्यावरही ज्यांचे आपापसांतले दुवे टिकून राहतात तो समूह गाभ्याचा, आणि केंद्राबरोबर जो विखुरतो तो केवळ परिवार. वर्ध्याची मंडळी पहिल्या प्रकारात मोडते, याची ग्वाही ते संमेलन देते.

समूह शोधण्याची दुसरी दिशा याच्या उलट आहे. घट्ट भाग शोधण्याऐवजी घट्ट भागांना सांधणारे विरळ दुवे शोधावे आणि ते कापून जाल आपोआप सुटे होऊ द्यावे, असा विचार मिशेल गिर्वन आणि मार्क न्यूमन यांनी २००२ साली मांडला. त्यासाठी पाच-पाचजणांच्या दोन टोळ्या कल्पाव्या. समजा, एक पवनारच्या कातणाऱ्यांची आणि एक सेवाग्रामच्या शिक्षकांची. प्रत्येक टोळीत सर्वांचा सर्वांशी संबंध आहे, म्हणजे दहा-दहा दुवे आहेत, आणि पवनारच्या एका माणसाची सेवाग्रामच्या एका माणसाशी ओळख आहे, हा एकविसावा दुवा. आता प्रत्येकाने प्रत्येकाकडे जवळच्या वाटेने निरोप धाडला, तर त्या एका मधल्या दुव्यावरून २५ जोड्यांचे निरोप जातात. त्या दुव्याच्या दोन टोकांना असलेल्या माणसांना त्यांच्या टोळीतील इतरांशी जोडणाऱ्या प्रत्येक दुव्यावरून ६ जोड्यांचे निरोप जातात, आणि टोळीतील उरलेल्या दुव्यांवरून केवळ त्या त्या जोडीचाच, म्हणजे एकाच जोडीचा. वाहतुकीचा हा आकडा ज्या दुव्यावर सर्वाधिक तो दोन समूहांमधला सेतू, हे ओळखण्यास वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. तो कापला की दोन्ही टोळ्या स्वतंत्र दिसतात.

या रीतीची परीक्षा ज्या उदाहरणावर घेतली गेली ते या क्षेत्रात सर्वतोमुखी झालेले आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या कराटे मंडळाचे वेन झॅकरी यांनी १९७० ते १९७२ या काळात निरीक्षण केले. ३४ सभासद, त्यांच्यातील ७८ दुवे; शिक्षक आणि मंडळाचे व्यवस्थापक यांच्यात फीच्या प्रश्नावरून तंटा विकोपाला गेला आणि मंडळ दुभंगले. १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात झॅकरींनी दाखविले की, तंट्यात कोण कोणाच्या बाजूस जाईल हे सभासदांमधील मैत्रीच्या जालावरून, एका सभासदाचा अपवाद वगळता, अचूक सांगता येत होते. माणूस वादात कोणती बाजू घेतो हे तो मतांवरून ठरवितो असे त्याला वाटते, परंतु ते बव्हंशी त्याच्या संबंधांनी अगोदरच ठरविलेले असते, हा त्या छोट्या निबंधाचा निष्कर्ष गावातील सहकारी सोसायटीच्या निवडणुकीपासून थोरामोठ्या पक्षांच्या फुटीपर्यंत सर्वत्र विचार करण्याजोगा आहे.

परंतु जाल कोठवर कापीत जावे, किती तुकडे झाले म्हणजे थांबावे? या प्रश्नाचे उत्तर न्यूमन आणि गिर्वन यांनी २००४ साली एका मापाने दिले, ज्याला मॉड्युलॅरिटी हे नाव आहे. त्यामागील विचार या संपूर्ण विषयाचे हृदय आहे, म्हणून तो सावकाश पाहावा. समूहात दुवे पुष्कळ आहेत एवढे म्हणून भागत नाही. ज्या माणसांचे एकूण संबंधच पुष्कळ आहेत ती माणसे योगायोगानेही एकमेकांशी जोडली जातातच. तेव्हा पाहावयाचे ते हे की, प्रत्येकाच्या संबंधांची संख्या तीच ठेवून हे दुवे यदृच्छेने वाटले असते तर समूहाच्या आत किती पडले असते, आणि त्याहून प्रत्यक्षात किती अधिक पडले आहेत. वरील दोन टोळ्यांच्या उदाहरणात एकूण २१ दुव्यांपैकी प्रत्येक टोळीत १०, म्हणजे सुमारे ०.४७६ इतका भाग आहे. यदृच्छेने तो ०.२५ झाला असता; दोन्ही टोळ्यांचा अधिक भाग मिळून माप सुमारे ०.४५ येते. सर्व दहाजणांचा एकच समूह मानला तर तेच माप शून्यावर येते. अपेक्षेपेक्षा अधिक जवळीक हीच समूहाची खूण. नुसती जवळीक नव्हे.

हे माप जास्तीत जास्त व्हावे अशी विभागणी शोधण्याची जलद रीत २००८ साली बेल्जममधील लुवेन येथील ब्लाँदेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. आरंभी प्रत्येक बिंदू हाच एक समूह मानावयाचा. मग एकेका बिंदूला शेजाऱ्यांच्या समूहात नेऊन माप वाढते का ते पाहावयाचे. वाढणे थांबले की प्रत्येक समूहालाच एक बिंदू समजून नवे, लहान जाल तयार करावयाचे आणि तीच क्रिया पुन्हा आरंभावयाची. निरनिराळ्या संस्था प्रथम आपापल्या कामांत घट्ट होतात आणि मागाहून त्या संस्थाच एका मोठ्या संघाचे घटक होतात, तशीच ही पायरीपायरीची बांधणी आहे. या रीतीने त्यांनी बेल्जममधील २६ लाख दूरध्वनी ग्राहकांच्या संभाषणांचे जाल तपासले. कोणता ग्राहक कोणती भाषा बोलतो हे त्या हिशेबात धरलेले नव्हते. कोणी कोणाला फोन केला एवढेच होते. तरीही जे मोठे समूह निघाले त्यांतील बहुतेक एकभाषिक निघाले, फ्रेंच बोलणाऱ्यांचे वेगळे आणि डच बोलणाऱ्यांचे वेगळे. देशाच्या भाषिक सरहद्दी माणसांच्या दैनंदिन बोलण्यात किती खोल उतरलेल्या असतात याचा हा बोलका पुरावा ठरला, आणि भाषावार प्रांतरचनेच्या चळवळी पाहिलेल्या मराठी वाचकाला त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

तथापि या मापावर आंधळा भरवसा ठेवता येत नाही. सांतो फोर्तुनातो आणि मार्क बार्थेलेमी यांनी २००७ साली दाखवून दिले की, जाल जसजसे मोठे होते तसतसे लहान समूह, ते कितीही घट्ट असोत, या मापाला दिसेनासे होतात आणि शेजारच्या समूहात मिसळले जातात. म्हणजे एकट्या पवनारचा हिशेब केला तर नदीकाठच्या आश्रमातील मंडळी स्वतंत्र समूह म्हणून उठून दिसेल. सबंध वर्धा जिल्ह्याचा केला तर ती कदाचित शेजारच्या मंडळींत विरेल. आणि सबंध देशाचा केला तर वर्ध्यातील सर्व संस्थांचा मिळून एकच ठिपका उरेल. लुवेनच्या रीतीतून निघालेले काही समूह आतून तुटलेलेही असू शकतात, हे लक्षात आल्यावर २०१९ साली हॉलंडमधील लायडेन येथील अभ्यासकांनी ती रीत सुधारली. कोणत्या अंतरावरून पाहावयाचे हे अभ्यासकानेच ठरविले पाहिजे, आणि ते ठरविताना आपला प्रश्न कोणता आहे हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, एवढे यावरून निष्पन्न होते.

याहूनही मूलभूत अशी एक अडचण आहे, आणि ती वर्ध्याच्या उदाहरणात पावलोपावली जाणवते. विभागणीच्या वरील सर्व रीती प्रत्येक माणसाला एकाच समूहात बसवितात. परंतु विनोबांना आश्रमाच्या खात्यावर टाकावे, ग्रामसेवा मंडळाच्या, शिक्षणसमितीच्या की १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला भाषण करून ज्या वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही झाले त्या राजकीय आंदोलनाच्या? माणूस कुटुंबात असतो, जातीत असतो, व्यवसायात असतो आणि एखाद्या ध्येयाच्या मंडळातही असतो. त्याला एका चौकटीत कोंबणे म्हणजे त्याच्या जीवनाचे तुकडे करून त्यांतला एकच जमेस धरणे होय. २००५ साली तमाश विचेक आणि त्यांच्या हंगेरियन सहकाऱ्यांनी एकमेकांवर अंशतः पडणाऱ्या समूहांचा शोध घेण्याची रीत मांडली. लहान लहान क्लिक घ्याव्या, आणि ज्यांच्यात एक बिंदू वगळता बाकीचे सर्व सामाईक आहेत अशा क्लिक एकमेकींना जोडत जाव्या. अशा साखळीतून जे समूह घडतात त्यांत एकच बिंदू दोन-तीन समूहांत सुखाने नांदू शकतो. समाजाचे खरे चित्र या रीतीच्या अधिक जवळ जाते असे वाटते.

आणि एकाहून अधिक समूहांत नांदणारी हीच माणसे समाजाच्या दृष्टीने फार मोलाची असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रतिपादन केले की, नवी बातमी, नवी नोकरी, नवा विचार माणसाकडे बहुधा त्याच्या जिवलगांकडून येत नाही, कारण जिवलगांना ठाऊक असलेले त्याला आधीच ठाऊक असते. ते येते दूरच्या, तुरळक ओळखींमधून. अतिघन समूह परस्परांना आधार देतो, शिस्त राखतो, कार्य तडीस नेतो. परंतु बाहेरचे दुवे नसले तर तो आपल्याच बोलण्याचे प्रतिध्वनी ऐकत बसतो. विनोबांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टींचा क्रम स्पष्ट दिसतो. पवनारमध्ये मोजक्या सहकाऱ्यांबरोबर शेती, सूत आणि कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग करणारा हा पुरुष मार्च १९५१ मध्ये पायी निघाला, १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्लीला त्याला १०० एकरांचे पहिले भूदान मिळाले, आणि पुढे सुमारे तेरा वर्षे तो गावोगाव हिंडत राहिला. घन समूहात सिद्ध झालेला विचार विरळ दुव्यांनी देशभर पोहोचविण्याचे ते कार्य होते; पवनारची घडण नसती तर पदयात्रेला बळ मिळाले नसते, आणि पदयात्रा नसती तर पवनारचा विचार पवनारमध्येच राहिला असता. १९५९ साली विनोबांच्या प्रेरणेने तेथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन होऊन स्त्रियांच्या सामूहिक साधनेस आरंभ झाला. सर्वांचा सर्वांशी संबंध असलेल्या छोट्या समूहाचे सामर्थ्य विनोबांनी किती जाणीवपूर्वक जोपासले, हे त्यावरून दिसून येते.

कर्नाटकातील खेड्यांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हाच मुद्दा आकड्यांनी सिद्ध केला. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी ७५ खेड्यांतील घराघरांचे संबंध नोंदविले: कोण कोणाकडून तांदूळ किंवा रॉकेल उसने घेते, कोण कोणाचा सल्ला घेते, कोण कोणाबरोबर देवळात जाते. यांपैकी ४३ खेड्यांत सूक्ष्म कर्ज देणारी संस्था आली, तेव्हा तिने प्रथम ज्यांना माहिती दिली ती माणसे गावाच्या संबंधजालात जितकी मध्यवर्ती होती तितका कर्जाचा प्रसार अधिक झाला, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसून आले. पाटील किंवा सरपंच यांच्या हुद्द्यावरून हे मध्यवर्तित्व ओळखता येतेच असे नाही; ते दुवे मोजूनच कळते. लसीकरणाची माहिती कोणाच्या तोंडून गावात जावी, साथीच्या दिवसांत कोणत्या वस्त्यांमधील येण्याजाण्यावर आधी लक्ष ठेवावे, हे ठरविणाऱ्या आरोग्यखात्याला या ज्ञानाचा थेट उपयोग आहे.

ज्या पुराव्यावर हा सर्व डोलारा उभा राहतो तो पुरावाच अपुरा असेल तर काय होते, याचा धडाही पवनारच्याच मातीत आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. पुढे मनसर हेच प्रवरपूर असल्याचाही दावा झाला आणि वाद राहिला. या राजाचे बरेच ताम्रपट प्रवरपुराहून निघालेले आहेत, आणि प्रत्येक ताम्रपटात राजा, सेनापती, दान घेणारे, दान दिलेले गाव असे संबंध कोरलेले असल्यामुळे त्यांतून एका प्राचीन राज्यकारभाराचे जाल बांधता येते. परंतु अचलपूरजवळच्या चम्मक येथे मिळालेल्या एकाच ताम्रपटात १००० ब्राह्मणांना गाव दिल्याचा उल्लेख असून त्यांपैकी ४९ जणांची नावे आहेत. त्या एका पत्र्यातून १,१७६ जोड्या निर्माण होतात, आणि वजनाचा विचार न करता त्या जोडल्या तर सबंध राज्यातील सर्वांत घन समूह तोच असल्याचा आभास होईल. शिवाय ताम्रपट मिळतात ते नांगरता-खणता योगायोगाने. जो पत्रा जमिनीखाली राहिला त्यातील दुवे जालात नाहीत, पण म्हणून ते नव्हते असे होत नाही. ताम्रपटांत ज्यांच्या नावाचा उल्लेख होण्याचे कारणच नव्हते, ते शेतकरी, ते कारागीर, त्या स्त्रिया यांचे समूह तर कोणत्याही रीतीला सापडणार नाहीत.

हीच न्यूनता वर्ध्याच्या जालातही आहे, कारण समित्यांच्या यादीत नावे येतात ती लिहिणाऱ्यांची आणि बोलणाऱ्यांची. सूत कातणाऱ्या, दळणकांडण करणाऱ्या, दत्तपूरला रोग्यांच्या जखमा धुणाऱ्या हातांची नावे सहसा येत नाहीत. म्हणून या शास्त्राचा उपयोग करणाऱ्याने याद्यांवर संतुष्ट राहू नये. गांधीजींच्या पत्रव्यवहारासह समग्र वाङ्मयाचे शंभर खंड प्रसिद्ध झालेले आहेत. वर्धा, सेवाग्राम आणि पवनार येथील संस्थांची हजेरीपत्रके, हिशेबाच्या वह्या आणि इतिवृत्ते जेथे जेथे शिल्लक असतील तेथे ती एकत्र नोंदविली, प्रत्येक दुव्याला साल आणि कारण जोडले, आणि त्यावर वर सांगितलेल्या रीती चालविल्या, तर स्वातंत्र्यलढ्याच्या या महत्त्वाच्या केंद्राचा नकाशा प्रथमच संबंधांच्या रूपाने हाती येईल. कोण कोणाला धरून उभे होते, कोणत्या दुव्याने कोणते काम तगले, केंद्र गेल्यावर काय उरले आणि कोणाचे नाव लिहावयाचे राहून गेले, हे प्रश्न त्या नकाशासमोर बसून विचारता येतील. समूह शोधण्याची गणिती रीत आपणांस एवढेच सांगते की येथे अपेक्षेपेक्षा अधिक जवळीक आहे. ती जवळीक कशाने आली आणि तिचे काय झाले हे कागदपत्रे वाचून, माणसांना विचारून ठरवावे लागते, आणि ते काम विदर्भातल्या इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी आता हाती घ्यावे, इतके ते तातडीचे आणि मोलाचे आहे.